रहिमतपूरचे नंबरवाले आण्णा

आण्णा गाडीकडे नेहमी मागून बघायचे. नवी कोरी मोटरसायकल हार घालून दुकानासमोर उभी राहिली आणि मालक पेढ्यांचा पुडा पुढे करत असला, तरी आण्णा आधी वळसा घालून मागच्या चाकाशी उकिडवे बसत. नंबराची पाटी न्याहाळत, अंगठ्याने तिच्या कडेची धूळ पुसत, आणि मग उठून मालकाच्या तोंडाकडे बघत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. नंबर मात्र राहायचे. भर बाजारात ते हाक मारत, "काय पंचवीस साठ, ऊस गेला का?" आणि तो पंचवीस साठसुद्धा खांद्यावरची पिशवी सावरत म्हणे, "गेला की आण्णा, परवाच गेला." एका लग्नात त्यांनी मला नवरदेवाच्या चुलत्याची ओळख "हे शून्य सात नव्वदचे थोरले भाऊ" अशी करून दिली होती. चुलत्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. रहिमतपुरात सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती.

स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, पुढे ताडपत्रीची सावली, आत रंगाचे डबे आणि भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या पाट्या. गाडीच्या नंबराच्या पाट्या रंगवायच्या आणि बसवून द्यायच्या, एवढाच धंदा. आण्णा मूळचे मिरजेच्या पलीकडचे, शेतकरी जैनांच्या घरातले. लग्न केलं नव्हतं. इकडे कसे आले ते विचारलं, तर "रंग घेऊन आलो" एवढंच सांगत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, कानावर पेन्सिल. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम त्यांनी परगावातही मोडला नव्हता. त्यामुळे पाच वाजले की ते ब्रश धुवायला घेत आणि गिऱ्हाईक कितीही घाईचं असलं तरी उद्या ये म्हणत.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. "गाडी तुमची, नंबर रस्त्याचा." तरुण पोरं यायची. कुणाला आकडे असे वळवून हवे असत की त्यातून 'दादा' वाचता यावं, कुणाला नंबरापेक्षा आडनाव मोठं हवं असे. अलीकडे तर मागचा लांब मडगार्ड काढून पाटी सीटच्या खाली, चाकाच्या वर, आभाळाकडे तोंड करून बसवायची फॅशन आली होती. आण्णा अशा पोराला नाही म्हणत नसत. ते त्याला गाडीच्या मागे न्यायचे आणि म्हणायचे, "वीस पावलं चाल, वळ, आन वाच." पोरगा चालायचा, वळायचा, आणि डोळे बारीक करून उभा राहायचा.

"दिसतंय का?"

"थोडं थोडं."

"थोडं न्हाई चालत. पाटी हलवायची तर हलव गड्या, मला काय दुखणं न्हाई. पन मागनं सरळ दिसली पायजे, वर दिवा पायजे, म्होरं कायबी आडवं नको. लपायचंच आसंल तर गाडी घरात ठेव."

निम्मी पोरं हसून तसंच करून घेत. निम्मी समोरच्या दुकानात जात. तिथे काय वाटेल ते करून मिळे. आण्णांना त्याचं वाईट वाटत असावं, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली.

लहानपणी पोलिओने माझा डावा पाय गेला. कुबडी घेऊन मी शिकले, शिक्षिका झाले आणि अकरा किलोमीटरवरच्या एका वाडीच्या शाळेत लागले. रोज सकाळी धाकटा भाऊ मला मोटरसायकलवरून सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. त्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला, आणि त्याच दिवशी जेवताना वडील म्हणाले, "मग आता सुनंदाचं कसं?" त्या वाडीला एसटी दिवसातून दोनदा जायची आणि दोन्ही वेळा शाळेच्या उपयोगाची नव्हती. बिनपगारी रजा, बदलीचा अर्ज, नाहीतर राजीनामा, अशी चर्चा आठवडाभर चालली. शेवटी मी स्कूटर घेतली आणि सांगलीच्या एका वर्कशॉपमधून तिला मागे दोन जादा चाकं लावून आणली. महिनाभर घरामागच्या मैदानात शिकले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय गावाबाहेर गेले. वेशीबाहेरच्या पिंपळापर्यंतच गेले होते, पण परत येताना रडू आवरेना.

आण्णांकडे मी गेले ती पुढच्या बाजूला नंबर रंगवून घ्यायला. ते नेहमीप्रमाणे मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "बाई, तुमचा नंबर कुठाय?"

नंबर होता. पण जादा चाकांचा लोखंडी दांडा पाटीच्या बरोबर मधून आडवा गेला होता आणि दांड्याला अडकवलेली माझी कुबडी उरलेल्या आकड्यांवर येत होती. मी म्हणाले, "राहू द्या हो. मला कोण अडवतंय?"

"का न्हाई अडवणार?"

"अपंग बाईची गाडी कोण अडवेल आण्णा?"

ते उठून उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण शब्द आजही जसेच्या तसे आठवतात. "बाई, कुनी कीव करू ने म्हनून गाडी घेतली न्हवं तुमी? मग नंबराला तेवढी कीव चालती व्हय?"

मला इतका राग आला की पुढचा नंबरही न रंगवता मी निघून आले. घरी येऊन आईला सांगितलं की त्या माणसाला बोलायची रीत नाही. आईनेही त्यांना दोन शिव्या घातल्या.

आठवडाभराने कोरेगावच्या रस्त्यावर गाड्यांची तपासणी चालू होती. माझ्या पुढच्या दोन मोटरसायकली बाजूला घेतल्या होत्या. मी थांबले आणि कागद काढायला पिशवीत हात घातला. शिपायाने मागे जाऊन पाटीकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे बघितलं, आणि साहेबांना हाक मारून म्हणाला, "जाऊ द्या साहेब, लंगडी हाय बिचारी." मनाने तो चांगलाच असावा. त्याने हात करून मला वाट मोकळी करून दिली. बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शाळेतल्या एका मुलाचा बाप त्यांच्यात होता. दंड झाला असता तर भरून मोकळी झाले असते. त्या मोकळ्या वाटेवरून गाडी पुढे नेताना मात्र मी कुणाकडेही वळून बघितलं नाही.

मी शाळेत न जाता तशीच आण्णांच्या दुकानासमोर येऊन थांबले. काय घडलं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पाटी कुठे बसवायची ते तुम्ही ठरवा."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. माप घेतलं. लोखंडी पट्टी वाकवून दांड्याच्याही मागे येईल असा एक आधार केला, त्यावर पाटी सरळ उभी केली, मूळच्या दिव्याची वायर लांबवून पाटीच्या वर छोटा दिवा आणला. कुबडीसाठी डाव्या अंगाला उभी नळी बसवली. मग मला म्हणाले, "चला वीस पावलं." मी कुबडीवर वीस पावलं चालले, वळले आणि माझाच नंबर मोठ्याने वाचला. गल्लीतली चार माणसं बघत होती. मला लाज वाटली नाही.

पण वाडीच्या रस्त्याने चार दिवसांत ती पट्टी तडकली. मी गेले तेव्हा आण्णांनी तडकलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःवरच चिडले. "पातळ पत्रा वापरला मी. माझंच चुकलं." दुसरी पट्टी जाड घेतली, खालून तिरका टेकू दिला. आणि ती लागल्यावर म्हणाले, "अजून काम झालं न्हाई. गाडीला चाकं वाढली, ती पुस्तकात चढायला पायजेत. उद्या कुठं धक्का लागला तर इमावाला म्हनंल, ही ती गाडीच न्हवं." गाडीत असा बदल केला की त्याची नोंद करून घ्यावी लागते, हे मला वर्कशॉपवाल्याने सांगितलं नव्हतं. आण्णांनी सांगितलं, आणि दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर साताऱ्याला आरटीओत आले. मी स्कूटरवर, ते एसटीने.

पहिल्या खेपेला मीच डॉक्टरांचा मूळ दाखला घरी विसरले आणि काम अडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आण्णा म्हणाले, "बरं झालं, वाट तरी पाठ झाली." दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. तिथल्या साहेबांनी स्वतः मागे जाऊन पाटी बघितली, हाताने हलवून बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" आण्णा माझ्या मागे जाऊन उभे राहिले, शाळेत मुलं राहतात तसे.

या सगळ्यात चार वाजून गेले होते. एसटीची वाट बघत बसले असते तर आण्णांना घरी पोचेपर्यंत अंधार पडला असता. मी म्हणाले, "बसा मागे." त्यांनी आधी परत आत जाऊन साहेबांना विचारलं, मागे माणूस बसलेला चालतो का. साहेब हसले, सीट दोघांचं आहे, हेल्मेट घाला म्हणजे झालं, म्हणाले. मग आण्णांनी बाहेरच्या पानपट्टीवाल्याकडून, तो त्यांच्या ओळखीचा कुणी चौतीस अकरा होता, हेल्मेट मागून आणलं आणि टोपीवरूनच घातलं. मागे बसल्यावर ते दोन्ही हातांनी सीट धरून होते. गावाबाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, जरा सावकाश. मला गाडी चालवाय येत न्हाई, तवा भ्या वाटतंय." उभ्या जिल्ह्याच्या गाड्यांना नंबर घालणाऱ्या या माणसाने आयुष्यात सायकलीखेरीज काही चालवलं नव्हतं.

सूर्य खाली आला तेव्हा आम्ही कालव्याच्या कडेला थांबलो. त्यांच्या डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. त्यांनी भाकरी मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली. खाता खाता मी विचारलं, "आण्णा, तुम्हाला एवढे नंबर लक्षात कसे राहतात?"

त्यांनी हातातला तुकडा डब्यात ठेवला. मग म्हणाले, "सांगलीत दुकान घातलं हुतं मी. नवंच. एक मोठ्या घरचा पोरगा आला. म्हनला, आडनाव ठळक काढ, नंबर बारीक. मी काढला. मुगाच्या दान्याएवढा. आठ दिसांत त्यानं मंडईपाशी एका भाजीवालीला उडवलं आन पळाला. लोकास्नी आडनाव दिसलं, नंबर न्हाई. त्या आडनावाच्या गाड्या सांगलीत ढिगानं."

"मग?"

"मग काय. मला ठाऊक हुतं की गाडी कुनाची ते. मीच रंगवली हुती. पोलीस मंडईत इचारत फिरले. माझ्या दुकानापत्तोर आले न्हाईत आन मी उठून गेलो न्हाई." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिचा उजवा हात गेला. फुडं ती डाव्या हातानं तराजू धरायची. मी रोज भाजी घ्यायचो तिच्याकडं. दोन वर्सं घेतली. सांगायचं धाडस झालं न्हाई. शेवटी दुकानच उचललं आन हिकडं आलो. तवापासनं एकदा बघितलेला नंबर डोक्यातनं जात न्हाई."

मी शिक्षिका आहे. मुलांना धीर द्यायची मला सवय आहे. पण त्या दिवशी मी फक्त त्यांच्या हातातला डबा घेऊन पिशवीत ठेवला. मी कुबडी उचलली, त्यांनी हेल्मेट घातलं, आणि आम्ही रहिमतपूरला आलो.

त्यानंतर ते घरचेच झाले. ज्या आईने त्यांना शिव्या घातल्या होत्या, तीच संक्रांतीला त्यांच्यासाठी बिनकांद्याची भाजी वेगळी करू लागली. माझी बदली झाली, पुन्हा झाली, स्कूटरचे टायर तीनदा बदलले, पण पाटी जागची हलली नाही. आसपासच्या गावांतल्या जादा चाकांच्या गाड्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. कुणी माणमधून येई, कुणी उंब्रजहून. त्यांच्याबरोबर आरटीओत जायला आण्णा मला धाडत. "बाई, तुमाला वाट पाठ हाय."

मग जुन्या गाड्यांनाही नव्या सरकारी पाट्या लावायचा हुकूम निघाला. ॲल्युमिनियमच्या, उठावदार आकड्यांच्या, ठरलेल्या केंद्रावरच बसवून घ्यायच्या. हाताने रंगवलेली पाटी संपली. मला वाटलं, आण्णा खचतील. ते म्हणाले, "लय झ्याक झालं. सगळ्यांचे आकडे सारखे. कुनी दादा न्हाई, कुनी राजा न्हाई." पण दुपारी त्यांच्या दुकानावरून गेलं की ते कोऱ्या पाट्यांवरची धूळ झटकताना दिसायचे. त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पाटीवर त्यांनी तिनाच्या जागी आठ काढला. मालकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आण्णांना ते घरी जेवताना उमगलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या गावी जाऊन त्यांनी पाटी उतरवून आणली, मला दुकानात नेऊन तिच्यावरचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले, नीट रंगवून परत बसवून आले, आणि त्या आठवड्यातच दुकान आवरलं. निरोपाला स्टँडवर मी आणि आई होतो. त्यांच्या हातात एक ट्रंक होती. म्हणाले, "थोरली भन बोलावतीया गावाकडं, आक्का. जातो आता."

माझ्या स्कूटरला नवी पाटी लावायची वेळ आली तेव्हा केंद्रावरचा माणूस म्हणाला, या पट्टीवर ती बसणार नाही, भोकं जुळत नाहीत, मूळ जागीच लावावी लागेल. मूळ जागी म्हणजे पुन्हा दांड्याआड. मी आण्णांना फोन लावला. पलीकडून आधी त्यांच्या बहिणीचा आवाज आला, मग त्यांचा.

"बाई, पट्टीवरचा रंग नखानं खरवडा. मधी दोन भोकं हायत, रंगानं बुजवलेली. त्या मापाच्या पाट्या कवातरी येनार आसं तवाच कानावर आलं हुतं. पाडून ठिवलेली."

मी खरवडलं. भोकं होती. पाटी बसली.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती स्कूटर घेऊन निघाले. एका दिवसात एवढं अंतर मला झेपणारं नव्हतं, म्हणून इस्लामपूरला मैत्रिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सांगली, मिरज ओलांडून त्यांच्या गावी पोचले. त्यांची आक्का दारात आली. ऐंशीच्या पुढची, ताठ, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. म्हणाली, "डोळं गेलं त्याचं. ऑपरेशन केलं, पन निम्मं त्याच्या आधीच गेलं हुतं. उजेड अंधार तेवढा कळतोय."

आण्णा पुढच्या सोप्यात बसले होते. माझा आवाज ऐकून उठले. आधी विचारलं, "एसटीनं आलाय काय?"

"नाही. स्कूटरवर आले."

"एकट्या?"

"एकटी."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना अंगणात नेलं. ते हाताने गाडीची कड चाचपत मागे गेले आणि पूर्वीसारखेच उकिडवे बसले. बोटं नव्या पाटीवर ठेवली. आकडे वर उठलेले होते. पहिल्या आकड्यावरून त्यांचं बोट दोनदा फिरलं, मग थांबलं, मग पुढे सरकलं. ओठ हलत होते. चारी आकडे त्यांनी मोठ्याने म्हटले, एकही न चुकता. आक्का दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"बाई," ते म्हणाले, "माझी पाटी आशी हातानं वाचता आली नसती. ही लय भारी केली सरकारनं." त्यांचा चेहरा उजळला होता. मी कितीतरी वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांचं बोट पाटीखालून पट्टीवर गेलं, तिरक्या टेकूवर गेलं, आणि एका नटाशी अडलं. त्यांनी तो चिमटीत धरून हलवला.

"ह्यो ढिला झालाय. आक्का, माझा पाना आन."

पाना आला. मी घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही. डोळे मिटून, एका हाताने नट धरून, दुसऱ्याने पाना फिरवत त्यांनी तो कसला. मला परत हलवून बघायला लावला.

फाल्गुनात आक्काचा फोन आला, आण्णा गेले. मी शाळेत होते. वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवून बाहेर आले आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिले. काय करावं ते कळेना. मग वाकून तो नट हलवून पाहिला. तो हलला नाही.